लेकराला घेऊन मुंबई-गोवा : कुठे आणि किती थांबायचं

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत आई आणि मूल, किंवा बाबा आणि मूल, असे दोघंच गाडी काढून मुंबईहून गोव्याला निघतात. एकाला रजा मिळते, दुसऱ्याला मिळत नाही. काही घरांत पालकच एक असतो. पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यापासून पणजीपर्यंत साधारण सव्वापाचशे किलोमीटर अंतर आहे. मोठी माणसं पहाटे निघून दिवसाउजेडी पोचायचा प्रयत्न करतात. मुलासोबत मात्र हा रस्ता दोन दिवसांचा करावा, जमल्यास तिसऱ्या दिवसाची सकाळही हाताशी ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. या रस्त्यावर गणपतीचे कारखाने, लेणी, गरम पाण्याची कुंडं, हजारो वर्षांपूर्वी कातळात कोरलेली चित्रं आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. हे सगळं महामार्गाला लागून किंवा थोडं आत वळलं की सापडतं. एवढं मागे टाकून फक्त गोव्याचा किनारा गाठायचा असेल, तर मुलासाठी रेल्वे जास्त सुखाची.

थांबे ठरवताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. पहिला थांबा शरीराचा असतो. लघवी, पाणी, हातपाय मोकळे करणं, चार उड्या मारणं यासाठी दर दीड-दोन तासांनी पंधरा मिनिटं पुरतात. तो पेट्रोल पंपावर घ्या, एखाद्या बऱ्यापैकी हॉटेलात घ्या, त्यात काही पाहण्यासारखं असण्याची गरज नाही. दुसरा थांबा मोठा, तासा-दीड तासाचा, आणि तो दिवसाला दोनच. एक दुपारच्या जेवणाच्या आधी आणि एक नंतर. तिसरा कोंबलात की दुसऱ्याचीही चव जाते. मूल किरकिरं होतं, चालवणारा घड्याळ बघायला लागतो.

मोठा थांबा निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: इथे माझं मूल काय करेल? ‘बघेल’ एवढंच उत्तर येत असेल, तर ती जागा तुमच्या आवडीची आहे, मुलाच्या नाही. चढेल, हात लावेल, पावलांनी मोजेल, दोरी ओढेल, रंगवणाऱ्याला प्रश्न विचारेल, असं काही असेल तर जागा पक्की करा. या कसोटीवर पुष्कळ प्रसिद्ध ठिकाणं गळतात आणि फलकसुद्धा नसलेली काही वर येतात.

गाडीत मोठं माणूस एकच असेल तर

दोघंच असाल तर मागच्या सीटवर वळून पाणी देणारं कुणी नसतं. म्हणून मुलाच्या हाताला येईल अशी एक पिशवी आधीच लावून ठेवा: झाकणाची पाण्याची बाटली, सुका खाऊ, ओला रुमाल, दोन-तीन प्लास्टिकच्या पिशव्या, वही-पेन्सिल. काही खाली पडलं तर पुढच्या थांब्याशिवाय मिळणार नाही, हे निघण्याआधीच सांगून टाका. मुलं हा नियम चटकन स्वीकारतात, पण चालत्या गाडीत सांगितला तर त्यावर वाद घालतात. १४ वर्षांखालच्या मुलाला सीट बेल्ट किंवा लहान मुलांची खास सीट नसेल तर मोटार वाहन कायद्यात १,००० रुपये दंड आहे. दंड नसता तरी मागची सीट आणि बेल्ट यांवर तडजोड नको.

चहा घ्यायला दोन मिनिटं उतरायचं असलं तरी मुलाला बरोबर घ्या. झोपलेल्या मुलाला बंद गाडीत ठेवून जाणं कोकणातल्या उन्हात जिवावर बेतू शकतं. मूल झोपलं असेल तर चहा पुढच्या गावात.

स्वच्छतागृहाचा प्रश्न बाबा-मुलगी किंवा आई-मुलगा या जोड्यांना जास्त छळतो आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलीला पुरुषांच्या बाजूला नेणं बाबांना नको वाटतं, एकटीला आत पाठवायची भीती वाटते. अशा वेळी थांबा निवडतानाच कुटुंबं उतरतात असं हॉटेल बघा, गल्ल्यावर किंवा झाडलोट करणाऱ्या एखाद्या ताईंना सरळ सांगा, “मुलीला आत न्यायचंय, जरा बघाल का?” आणि तुम्ही दाराशी उभे राहा. नाही म्हणणारी बाई विरळा. मोठ्या मुलाला आईने बाहेरून हाक मारत राहायचं आणि त्याने आतून ओ द्यायची, हे घरीच ठरवून ठेवावं.

गाडी लागणाऱ्या मुलासाठी वळणांच्या आधीचा थांबा महत्त्वाचा. कशेडी घाटात आता बोगदा झाल्याने पोटातली ढवळाढवळ पुष्कळ कमी झाली आहे, तरी चिपळूणच्या अलीकडे आणि पलीकडे वळणं आहेतच. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. खिडकी थोडी उघडी, नजर लांब समोर, हातात मोबाइल किंवा पुस्तक नाही. आलेपाक किंवा आवळासुपारी काहींना चालते. औषध द्यायचं झालं तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच. त्याने मूल पुढचे काही तास पेंगतं, आणि मग तुमचा मोठा थांबा झोपेत जातो.

वेळ मोजताना फोनवरच्या नकाशाने दाखवलेल्या वेळेत निदान चौथाई भर घाला. या महामार्गाचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडत चाललं आहे. एक पट्टा गुळगुळीत, लगेच पुढे कच्चा वळणरस्ता. अंधार पडायच्या आत मुक्कामाच्या गावी असायचं, हे दिवसाच्या आखणीचं एक टोक धरा आणि तिथून मागे मोजत या. गणेश चतुर्थीच्या आधीचे चार-पाच दिवस हा रस्ता चाकरमान्यांचा असतो. लहान मुलाला घेऊन हौसेने त्यात शिरू नका.

पहिला दिवस : पनवेल ते रत्नागिरी

निघाल्यावर तासाभरात पेण येतं. इथे आणि शेजारच्या हमरापूर, जोहे या गावांत गणपतीचे कारखाने आहेत आणि काम जवळजवळ वर्षभर चालतं. पहिला थांबा इथे घेण्यात एक फायदा आहे: मूल अजून ताजं असतं आणि प्रवासात खरंच काहीतरी वेगळं घडणार आहे, याची त्याला लवकर खात्री पटते. कारखान्यात जाऊन नम्रपणे विचारा, “मुलाला दाखवायचं होतं, पाच मिनिटं बघू का?” एका रांगेत बिनरंगाच्या पांढऱ्या मूर्ती, दुसरीकडे अंगाचा रंग झालेल्या, आणि कोपऱ्यात एक कारागीर हात स्थिर धरून डोळ्यांची आखणी करत असतो. श्वास रोखून बुबुळाचा ठिपका देणारा तो हात मुलाला जवळून बघू द्या. आखणी चालू असताना बोलायचं नाही, एवढं मात्र आधी सांगा. हा पंधरा मिनिटांचाच थांबा, पण मोठ्या थांब्याइतका दमदार.

मग थेट महाड. मध्ये माणगावला शरीराचा थांबा उरकून घ्या. महाडमध्ये शिरण्याआधी महामार्गाच्या बाजूला डोंगरात गांधारपाले लेणी दिसतात. बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली सुमारे तीस लेणी आहेत. पायऱ्या चढून जावं लागतं आणि मुलाला नेमकं तेच हवं असतं. तीन तास बसून आखडलेले पाय मोकळे होतात. मोठ्या लेण्याच्या ओसरीत उभं राहून खाली नदी, शेतं आणि आपण आलो तो रस्ता दाखवा. भिक्षूंच्या लहान खोल्यांत मुलाला आत उभं करा, हळू बोलायला सांगा, मग मोठ्याने. वर्गात व्यापारी मार्ग हा धडा झाला असेल तर समुद्राकडून घाटावर जाणारा माल याच बाजूने जायचा, हे तिथेच सांगून टाका. पावसाळ्यात दगड निसरडे असतात. तेव्हा वर जाऊ नका.

महाड गावात चवदार तळं आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या हजारो अनुयायांसह इथलं पाणी प्यायलं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ मध्येच झाला होता, तरी अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना प्रत्यक्षात हे पाणी घेऊ दिलं जात नव्हतं. तळ्याकाठी मुलाच्या हातात त्याची पाण्याची बाटली असतेच. “याच तळ्यावर गुरं पाणी प्यायची, पण काही माणसांना प्यायला बंदी होती,” एवढंच सांगा आणि थांबा. “का?” हा प्रश्न येईल. त्याचं गुळमुळीत उत्तर देऊ नका. जात काय असते, ती कुणी पाळली, आपल्या घरात पूर्वी काय चालायचं, हे आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सरळ शब्दांत सांगता येतं. या सबंध रस्त्यावर एकच जागा निवडायची झाली तर मी ही निवडेन. इथे करण्यासारखं फारसं काही नाही, माझ्याच कसोटीवर ती पुरेशी उतरत नाही, तरीही.

रायगड महाडपासून पाऊण-एक तासावर आहे आणि रोपवेही आहे, म्हणून तोही उरकून घेऊ असं वाटतं. तसं करू नका. रायगडाला अख्खा दिवस द्यावा लागतो. त्यासाठी वेगळी सहल काढा.

चिपळूणला जेवण. वाशिष्ठीच्या पुलावरून जाताना, मूल दहा वर्षांच्या पुढचं असेल तर त्याला नदीची गोष्ट सांगा. कोयना ही कृष्णेची उपनदी. तिचं पाणी खरं तर पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे जायचं. धरणात अडवून त्यातलं बरंच पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला आणलं, पोफळीच्या बाजूला त्याच्यावर वीज केली, आणि ते पाणी वाशिष्ठीला मिळून दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्रात जातं. घरातला दिवा आणि ही नदी यांचा संबंध मुलांना फार आवडतो. जुलै २०२१ च्या महापुरात याच गावात घरांमध्ये पाणी शिरलं होतं, हेही त्या ओघात येईल.

जेवणानंतरची वेळ चालवणाऱ्याला जड जाते. म्हणून दुपारचा मोठा थांबा जेवणापासून तासाभरापेक्षा लांब नसावा. अरवली, तुरळ, राजवाडी या संगमेश्वर तालुक्यातल्या गावांत गरम पाण्याचे झरे आहेत, आणि अरवली व तुरळचे तर रस्त्याजवळच. आधी तुमचा हात पाण्यात घाला, मग मुलाचे पाय. झऱ्याच्या तोंडाशी पाणी चांगलंच कढत असतं. गंधकाचा वास आला की मूल नाक मुरडेल आणि ज्वालामुखी आहे का विचारेल. ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी जमिनीच्या भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. पायांना कढत पाणी, मग बाहेर येऊन कोकम सरबत, आणि चालवणाऱ्याची सुस्तीही गेलेली. डोळे तरीही मिटत असतील तर संगमेश्वरातच खोली घेऊन मुक्काम करा. रत्नागिरी उद्या सकाळी गाठता येते.

मूल बारा-तेरा वर्षांचं असेल तर गरम पाण्याऐवजी कसबा संगमेश्वरला जा. १६८९ मध्ये संभाजी महाराज इथे पकडले गेले, आणि कर्णेश्वराचं जुनं दगडी मंदिर इथेच आहे. सिनेमात पाहिलेली गोष्ट प्रत्यक्ष गावात उभं राहून ऐकताना त्या वयाची मुलं गंभीर होतात. त्यांना तसं होऊ द्या, मध्ये माहिती ओतू नका.

दुसरा दिवस : रत्नागिरी ते सावंतवाडी

सकाळचा थांबा कातळशिल्पांचा, आणि तो सकाळीच घ्यायला हवा. रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतल्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर माणसं, हत्ती, वाघ, मासे, चौकटी आणि नक्ष्या जमिनीतच कोरलेल्या आहेत. गावकऱ्यांना त्या माहीत होत्या. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून त्यांची नोंद केली. युनेस्कोच्या प्राथमिक यादीत २०२२ पासून त्यांचं नाव आहे. उक्षीचा हत्ती, देवीहसोळची नक्षीची मोठी चौकट, बारसूचा दोन वाघांमध्ये उभा माणूस ही नावाजलेली चित्रं. तिन्ही बघायला जाऊ नका, एक निवडा. महामार्ग सोडून आत जावं लागतं, म्हणून आदल्या रात्रीच मुक्कामाच्या ठिकाणी रस्ता विचारून ठेवा.

वेळेचं कारण असं: कोरीव रेघा फार खोल नसतात. ऊन तिरपं असताना रेघेत सावली पडते आणि चित्र उठून दिसतं. डोक्यावर सूर्य आला की सगळा सडा सपाट भगभगीत दिसतो, आणि तापलेल्या जांभ्यावर मुलाला उभंही राहवत नाही. नऊच्या आत पोचा. टोपी हवी, बूट हवेत, सावली नाही.

तिथे मुलाला लगेच “हा बघ हत्ती” असं दाखवू नका. त्याला काठाकाठाने फिरू द्या. आधी एक रेघ सापडते, मग ती कुठे जाते ते बघत मूल चालत राहतं, आणि कुठेतरी सोंड असल्याचं त्याचं त्यालाच कळतं. तो शोध त्याचा असतो. मग पावलांनी लांबी मोजायला सांगा आणि वहीत चित्र काढायला लावा. चित्रावर पाय ठेवायचा नाही, खडूने रेघा भरायच्या नाहीत, पाणी ओतायचं नाही, हे नियम तुम्हीही पाळा. कुणी काढलं, केव्हा काढलं, याचा काळ अजून पक्का ठरलेला नाही. अभ्यासक तो काही हजार वर्षं मागे नेतात. मोठ्या माणसांनाही ज्याचं उत्तर सापडलेलं नाही असा प्रश्न मुलाच्या पायाखाली असणं, ही मला या थांब्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

सडा पाऊस झोडपत असताना जाण्याजोगा नसतो. तेव्हा रत्नागिरी शहरात लोकमान्य टिळकांचं जन्मघर बघा, किंवा ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी इंग्रजांनी बांधलेला थिबा राजवाडा. दोन्ही चांगली आहेत, पण एकच घ्या.

रत्नागिरी ते कुडाळ हा पट्टा सलग चालवा, मध्ये शरीराचे थांबे आणि जेवण. इथे गाडीतल्या गप्पा रंगतात, कारण सकाळचं चित्र डोक्यात असतं. “तू असतास तर काय कोरलं असतंस?” एवढा एक प्रश्न पुढचे वीस किलोमीटर पुरतो.

कुडाळजवळच्या पिंगुळीत दुपारचा मोठा थांबा घ्या. ठाकर समाजाने पिढ्यानपिढ्या जपलेली चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या इथे बघायला मिळतात. परशुराम गंगावणे यांना या कामासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कुटुंबाने पूर्वीच्या गोठ्यात ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभं केलं आहे. आधी फोन करून जावं, म्हणजे बाहुल्यांचा खेळ बघायला मिळण्याची शक्यता वाढते. खेळ झाल्यावर मुलाला बाहुली हातात धरायला मिळेल का, असं विचारा. दोरी ओढली की हात हलतो हे कळायला क्षण लागत नाही. पण बाहुलीला चालवायला गेलं की ती लटपटते, मान एकीकडे आणि पाय दुसरीकडे जातात. आत्ता सहज नाचणाऱ्या बाहुलीमागे किती सराव आहे, हे मुलाला बोटांतून कळतं. चित्रकथीचं चित्र, छोटी बाहुली, काहीतरी विकत घ्या. असा थांबा फुकट घेऊ नये. कला जगते ती अशाच खरेदीवर.

मुक्काम सावंतवाडीत. संध्याकाळी मोती तलावाकाठी फेरी, आणि चितार आळीत लाकडी खेळणी व खऱ्यासारखी दिसणारी लाकडी फळं. मुलाला निघताना ठरावीक पैसे देऊन ठेवले असतील, दोनशे किंवा तीनशे रुपये, तर ते खर्च करण्याची हीच जागा; काय घ्यायचं ते त्यालाच ठरवू द्या. तिसऱ्या दिवशी सकाळी वेळ असेल तर राजवाड्यात गंजिफा बघा. दशावतारी गंजिफांत १२० गोल पत्ते असतात, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. पत्त्यांचा खेळ येणाऱ्या मुलाला दहा रंगांचा डाव कसा खेळायचा याची लगेच उत्सुकता वाटते. विचारलंत तर सांगणारं कुणी ना कुणी भेटतं.

एवढं आखूनही एखादा थांबा चुकतो. मूल नेमकं पिंगुळीच्या आधी गाढ झोपतं, किंवा लेण्यांपाशी पाऊस येतो. झोपलेल्याला उठवू नका, पुढे चला. परतीच्या वाटेवर तोच रस्ता आहे. परतीचे थांबे मात्र सगळे मुलालाच ठरवू द्या. पणजीहून निघायच्या आदल्या रात्री नकाशा त्याच्यासमोर पसरा, दिवसाला दोनच मोठे थांबे हा नियम सांगा आणि पेन्सिल त्याच्या हातात द्या.